पेन्सिलीचा आकडा

आमच्या स्वयंपाकघरात कॅलेंडरशेजारी दोऱ्याला बांधलेली एक पेन्सिल लोंबकळत असते. बोटभर उरली आहे. आई गेल्यापासून तिला कुणी हात लावला नव्हता. डिसेंबरातल्या एका सोमवारी संध्याकाळी मी लावला.

ती पेन्सिल तिथे का होती, ते आधी सांगायला हवं. बाबा बंदराच्या कचेरीत होते. जिन्याखालच्या एका खोलीत पितळी नळकांड्यावर गुंडाळलेला कागद हळूहळू फिरायचा आणि एक बारीक पेन समुद्राच्या पाण्याची उंची त्यावर रेघेत काढत राहायचं. ती रेघ वाचायची, वहीत उतरवायची, हे बाबांचं काम. पण नोकरीची पहिली दोन वर्षं त्यांनी तिथून दीड तासावरच्या एका खाडीच्या मुखाशी काढली होती. तिथे यंत्र नव्हतं. समुद्रात शिरलेल्या वाळूच्या दांड्याच्या टोकाला एक लाकडी खांब होता, त्यावर काळ्या रंगात आकडे, आणि पाणी कुठल्या आकड्याला टेकलं ते दुर्बिणीतून बघून लिहायचं. पुढे कचेरीला त्या खांबाची गरज उरली नाही. खांब कागदावरून गेला, जागेवरून हलला नाही. बाबा दर हिवाळ्यात एक दिवस तिथे जायचे आणि त्याचे आकडे पुन्हा रंगवायचे. कुणी सांगितलं नव्हतं, कुणी विचारलंही नाही. निवृत्त झाल्यावरही जात राहिले. आई सोबत असायची.

दांड्यावर फक्त ओहोटीत चालत जाता येतं. किनारा आणि दांडा यांच्या मधे एक चर आहे. ओहोटीला त्यात घोटाभर पाणी असतं, भरती लागली की तो आधी भरतो. दांडा कोरडाच दिसत राहतो आणि मागची वाट बंद होते. म्हणून वेळ महत्त्वाची. बंदराचं कोष्टक बघून बाबा कॅलेंडरवर निळ्या शाईनं ओहोटीची वेळ लिहायचे. खाडीच्या मुखाशी ओहोटी बंदरापेक्षा पस्तीस मिनिटं उशिरा येते. ते पस्तीस आई मिळवायची आणि खाली पेन्सिलीनं खरी वेळ लिहायची. बाबांना पस्तीस मिळवता येत नव्हते असं नाही. पण लग्नानंतरच्या पहिल्याच हिवाळ्यात ते मिळवायला विसरले, ठरल्यापेक्षा अर्धा तास आधी पोचले आणि दोघंही कमरेपर्यंत भिजले. तेव्हापासून आईनं ठणकावलं होतं, "खालचा आकडा माझा. त्यात तुम्ही बोट घालायचं नाही." बाबांनी चाळीस वर्षं घातलं नाही.

दुसरा नियम टॉवेलचा. हाताला रंग लागतो म्हणून बाबा खांबाकडे घड्याळ नेत नसत. ओहोटीनंतर अर्ध्या तासानं आई किनाऱ्यावर उभी राहून पिवळा टॉवेल दोन्ही हातांनी डोक्यावर धरायची. तो दिसला की बाबा डबा बंद करून निघायचे.

आई जाऊन चौऱ्याण्णव दिवस झाले होते. मी बाबांकडेच राहायला आले होते. दिवसा प्रकाशनाच्या कचेरीत मुद्रितं तपासायची, संध्याकाळी बाबांना तपासायचं. कारण बाबांचं काहीतरी चाललं होतं. पंधरवड्यात त्यांनी घरातल्या एकूण एक किल्लीला पुठ्ठ्याचं लेबल बांधलं. मला गिझर कसा लावायचा ते दाखवलं, दोनदा. विजेच्या पेटीतलं कुठलं बटण कुठल्या खोलीचं, तेही. मग त्या सोमवारी दुपारी धाकट्या भावाचा फोन आला.

"ताई, बाबांनी मला ड्रिल मशीन पाठवलीय."

"म्हणजे?"

"म्हणजे काय म्हणजे? खोकं आलंय कुरिअरनं. आत चिठ्ठी. 'जपून वापर, घाई करू नकोस.' अगं, लहानपणी मी त्या मशीनला नुसता हात लावला तर आठ दिवस बोलले नव्हते माझ्याशी!"

"तुला साधा खिळा ठोकता येत नाही, म्हणून दया आली असेल."

"चेष्टा नको करूस. माणूस असं कधी वाटून टाकतो सगळं?"

तो म्हणाला, "लक्ष ठेव त्यांच्यावर." जणू मी दुसरं काही करत होते.

संध्याकाळी बाबा म्हणाले, "उद्या खांबाला जाऊन येतो."

"एकटे?"

"मग? खांबाला काय वऱ्हाड न्यायचं?"

"मी येते."

"तुझी रजा?"

"काढते."

ते थोडा वेळ हातातल्या ब्रशाचे केस बोटानं सरळ करत राहिले. "बरं," म्हणाले. "मग टॉवेल तू धर."

ते झोपायला गेल्यावर मी कॅलेंडरसमोर उभी राहिले. उद्याच्या चौकटीत निळ्या शाईत ११.५७. खाली मोकळी जागा. मी पेन्सिल धरली, पस्तीस मिळवले, पुन्हा एकदा मिळवून बघितले आणि लिहिलं, १२.३२. दोरा आईच्या उंचीला बेतलेला होता, मला जरा वाकावं लागलं.

सकाळी बाबा चहाचा कप घेऊन कॅलेंडरपाशी गेले. बराच वेळ उभे होते. मी डबा भरत होते. मला वाटलं, पेन्सिलीतला आकडा बघून त्यांना आईची आठवण आली, तर आपण उगाच लिहिलं. पण ते म्हणाले, "साडेनऊला निघू."

गाडी मी चालवली. बाबा मांडीवर रंगाचा डबा धरून बसले होते, नवजात बाळ घरी आणतात तसे. शहर संपलं, बंद गोदामं संपली, मग मिठाच्या रंगाची सपाट जमीन लागली. थंडी होती, काचांवर आतून वाफ धरत होती. मी दोनदा विचारायचं ठरवलं आणि दोनदा गिअर बदलला.

किनाऱ्यावर सगळं बंद होतं. पोहायला येणाऱ्यांसाठीच्या खोल्यांना कुलपं, खुर्च्या साखळीनं एकमेकींना बांधलेल्या. एका चहाच्या दुकानाचं शटर तेवढं अर्धं वर होतं. त्याखालून दुकानातल्या बाई वाकून बाहेर आल्या. हातात लोकरीचे मोजे, गळ्यात मफलर.

"आलात? मी म्हटलं, या वर्षी थंडीला घाबरले की काय. आणि ही कोण? लेक? अगदी आईच्या वळणावर गेलीय हो. आई कुठंय, गाडीत?"

बाबांनी डबा एका हातातून दुसऱ्या हातात घेतला. "नाही आली," ते म्हणाले.

बाईंनी माझ्याकडे बघितलं. मी मान हलवली. त्या एवढंच म्हणाल्या, "अगं बाई," आणि आत जाऊन दोन कप चहा घेऊन आल्या. साखर विचारली नाही.

सव्वाअकराला बाबांनी बूट काढले, विजार गुडघ्यापर्यंत दुमडली आणि चर ओलांडला. पाणी त्यांच्या पिंढरीपर्यंत होतं, पण ओसरत होतं. पलीकडे जाऊन त्यांनी मागे बघितलं. मी टॉवेल दाखवला. त्यांनी हात केला. मग ते लहान होत गेले. दांड्याच्या टोकाला खांब काडीसारखा दिसत होता, त्याच्याशेजारी बाबा म्हणजे एक तपकिरी टोपी.

मी आईच्या जागी बसले. जागा ठरलेली होती, एका पालथ्या होडीच्या कडेला, वाऱ्याच्या आड. बाराला मी घड्याळ बघितलं. बारा वाजून पाचलाही बघितलं. टॉवेल एक वाजून दोन मिनिटांनी धरायचा होता. मी सोबत पुस्तक आणलं होतं, तेच पान चारदा वाचलं. टोपी खांबाभोवती फिरत होती. मधेच ती दिसेनाशी झाली आणि मी उठून उभी राहिले. ते खाली बसून खांबाचे शिंपले खरवडत होते. पुन्हा उठले. मी बसले.

मला त्यांच्या बुडण्याची भीती नव्हती. ते सत्तर वर्षांचे असले तरी पाण्याचं त्यांना सगळं ठाऊक होतं. मला भीती वाटत होती ती नेमकी त्याचीच. ज्याला सगळं ठाऊक आहे त्याला चूक झाली असं भासवणं किती सोपं. लेबल लावलेल्या किल्ल्या माझ्या पर्समध्ये होत्या. सकाळी निघताना त्यांनीच दिल्या होत्या, "राहू दे तुझ्याकडे" म्हणून.

खाडीत सहा-सात होड्या नांगरलेल्या होत्या. लहानपणी एकदा आम्हा भावंडांनाही इथे आणलं होतं, तेव्हा मी कंटाळून रडत होते आणि आईनं मला एक खेळ शिकवला होता. "होड्यांची तोंडं बघ. पाणी जिकडून येतं तिकडे होडी तोंड करते. आत्ता सगळ्या गावाकडे बघतायत, म्हणजे पाणी बाहेर चाललंय. थोड्या वेळानं एकेक आळसावेल, आडवी होईल. आणि मग सगळ्या समुद्राकडे वळतील. वळल्या की मला सांग." मी सांगितलं होतं. आईनं घड्याळ बघून मला शाबासकी दिली होती.

बारा पन्नासला मी मान वर केली. सगळ्या होड्या समुद्राकडे बघत होत्या.

आधी मला अर्थच लागला नाही. माझ्या आकड्यानं ओहोटीचा तळ बारा बत्तीसला. वीस मिनिटांत होड्यांनी फार तर आळसावायला हवं होतं. या तर ताणून उभ्या होत्या, नांगराचे दोर काठीसारखे ताठ. भरती लागून बराच वेळ झाला होता. मी चराकडे धावले. सकाळी जिथे बाबांचे बूट ठेवले होते तिथे ते नव्हते. एक पाण्यात डुलत होता.

तेव्हा लागला अर्थ. निळा आकडा बंदराचा नव्हताच. आई नाही म्हणून बाबांनी पस्तीस मिळवूनच तो लिहिला होता. आणि आई नाही म्हणून मीही मिळवले. दुरुस्त झालेलं पुन्हा दुरुस्त करायचं, हा आमच्या कामातला सगळ्यात लाजिरवाणा प्रमाद. नवशिक्यांना मी पहिल्याच दिवशी बजावते, आधीच्या हाताची खूण शोध, मग पेन उचल. इथे मी खूण शोधली नव्हती. मला ती पेन्सिल धरायची घाई झाली होती.

मी टॉवेल डोक्यावर धरला. वारा त्याला ओढत होता. टोपी हलली नाही. मी उड्या मारल्या, ओरडले, "बाबा!" हाक माझ्याच तोंडात परत आली. मग टोपी वळली. त्यांनी हात वर केला, म्हणजे बघितलं. आणि पुन्हा खांबाकडे वळले.

तो क्षण मला नीट सांगता येणार नाही. त्यांना दिसलं होतं आणि ते निघाले नव्हते. त्यांच्यासमोर चार हातांवर समुद्रातलं सगळ्यात नेमकं माप उभं होतं. त्यांच्याच हातानं रंगवलेले आकडे एकेक करून पाण्याखाली जात होते. जगातला कुणीही माणूस फसला असता, ते फसले नसते.

मी चरात उतरले. पाणी इतकं गार होतं की पाय आपले नाहीत असं वाटलं. गुडघा, मग मांडी. तळाची वाळू पावलाखालून निसटत होती आणि पाणी डावीकडून सतत ढकलत होतं, चिडून नाही, आपलं काम करावं तसं. टॉवेल मी डोक्यावरच धरला होता. मागून दुकानातल्या बाई ओरडत होत्या, "अहो ताई! मागे फिरा! कुठं निघालात?" मला मागे फिरता येत नव्हतं आणि पुढे जायचं धाडसही होत नव्हतं. मी मधेच उभी राहिले, पोटापर्यंत पाण्यात, पिवळा टॉवेल धरून, मिरवणुकीत हरवलेल्या माणसासारखी.

तेव्हा टोपी पळायला लागली.

मी बाबांना पळताना कधी बघितलं नव्हतं. हात कसेही उडत होते, कोट फडफडत होता. काठाशी येऊन ते ओरडले, "तिथेच थांब! हलू नकोस! पाय रुंद ठेव!" कोटासकट पाण्यात शिरले. जवळ येऊन त्यांनी माझा दंड धरला, इतका घट्ट की दोन दिवस वळ होते. "आडवी चाल. प्रवाहाकडे तोंड. पाऊल उचलायचं नाही, घासायचं. घास. आता दुसरं. शहाणी आहेस का तू? पोहता येतं का तुला धड?"

"नाही!"

"मग कशाला उतरलीस?"

"तुम्ही निघत नव्हतात!"

"ब्रश धूत होतो!"

आम्ही असे भांडत भांडत काठाला लागलो. दुकानातल्या बाई गुडघाभर पाण्यात येऊन उभ्या होत्या. त्यांनी आधी माझा हात ओढला, मग बाबांचा. "बापलेक आहात की दुश्मन?" म्हणाल्या. "भांडायचं तर कोरडं भांडा."

त्यांनी शटर खाली ओढलं, शेगडी पेटवली आणि मला पडद्यामागे ढकललं. त्यांच्या सुनेचे कपडे मला आखूड झाले. बाबांना त्यांनी स्वतःच्या नवऱ्याची विजार दिली. ती इतकी ऐसपैस होती की बाबा ती मुठीत धरून बसले. दुसऱ्या मुठीत ब्रश होता. डबा खांबापाशीच राहिला होता.

बाई दुधाला म्हणून आत गेल्या. मी विचारलं. आवाज थांबवता येत नव्हता, दात वाजत होते.

"बाबा, मुद्दाम केलंत का?"

त्यांनी दचकल्याचं नाटक केलं नाही, त्याबद्दल मी त्यांची ऋणी आहे.

"निळे आकडे मी पस्तीस मिळवून लिहिले होते," ते म्हणाले. "सकाळी बघितलं तर खाली पेन्सिलीनं लिहिलेलं. मला कळलं तू लिहिलंयस. कळलं की हा जास्त आहे. कळलं ना. पण खालचा आकडा तपासायची मला सवय नाही गं. आणि खाली काहीतरी लिहिलेलं होतं. तेवढंच बरं वाटलं. खोडायचं जिवावर आलं. म्हटलं, तिथे गेल्यावर पाणी बघून निघू."

"मग बघितलंत ना पाणी!"

"बघितलं. खांबावरचा एकचा आकडा पाण्याखाली गेला तेव्हाच कळलं की निघायला हवं."

"मग?"

"टॉवेल नव्हता."

मी मांडीवरच्या पिवळ्या टॉवेलकडे बघितलं.

"टॉवेल दिसल्याशिवाय मी कधी निघालो नाही," ते म्हणाले. "म्हटलं बघू, येतो का."

शेगडीवरचं पाणी उकळत होतं. मला रडू येईल असं वाटलं, आलं नाही. मी म्हटलं, "आणि नसता आला तर?"

"ते मी बघितलं नाही पुढे," बाबा म्हणाले. खरं बोलत होते. त्यांचा चेहरा त्या क्षणी फार म्हातारा दिसला. "पण तू पाण्यात उतरशील असं काही माझ्या गणितात नव्हतं."

मग मी म्हटलं, "ड्रिल मशीन का पाठवलीत त्याला?"

"त्याच्या घरी पडदे चादरीसारखे खिळ्यांना लटकलेत. सून तीन वर्षं सांगतेय. माझे हात आता थरथरतात, मी काय करू मशीन?"

"आणि किल्ल्या?"

"किल्ल्यांचं काय?"

"लेबलं."

"ती माझ्यासाठी आहेत," ते म्हणाले. "कुठली किल्ली कशाची ते तुझ्या आईला ठाऊक होतं. मला एकही ठाऊक नव्हती. गिझरसुद्धा आत्ता शिकलो. शिकलेलं कुणाला तरी सांगावंसं वाटतं माणसाला. सांगितलं तर तू अशी बघत होतीस, जणू मी मृत्युपत्र वाचतोय."

मला हसू आलं. बाबांना नाही आलं, पण त्यांनी विजार जरा वर ओढून घेतली.

बाई चहा घेऊन आल्या. "झालं का भांडण? मिटलं की उद्यावर?"

"डबा राहिला तिथे," बाबा त्यांना म्हणाले. "आणि तीनचा आकडा अर्धाच झालाय. वरचं पोट रंगवलं, खालचं राहिलं."

"राहू दे की अर्धा. मासे काही तक्रार करत नाहीत."

"छे. वाचणाऱ्याला दोन वाटेल." कोण वाचणार होतं, ते आम्ही दोघींनीही विचारलं नाही. बाबांनी कोटाच्या खिशातून कोष्टकाची वही काढली. भिजून तिची पानं चिकटली होती. त्यांनी नखानं एकेक सोडवली आणि शेगडीजवळ धरली. "पंधरा दिवसांनी बुधवारी पुन्हा अशीच ओहोटी आहे. बंदराला अकरा चाळीस." त्यांनी माझ्याकडे बघितलं. "हा बंदराचा आकडा आहे. मी काही मिळवलेलं नाही. नीट ऐकलंस ना?"

"ऐकलं."

बाईंनी मला बिस्किटाच्या पुड्याचा कागद आणि पेन्सिल दिली. मी वर लिहिलं ११.४०, शेजारी 'बंदर'. पस्तीस मिळवले. खाली लिहिलं १२.१५, शेजारी 'खाडी'. कागद त्यांच्यासमोर सरकवला.

मला वाटलं, घडी करून खिशात घालतील. पण त्यांनी विजारीची मूठ सोडली, चष्मा शोधला. तो सापडला कोटाच्या आतल्या खिशात, मिठाचे डाग पडलेला. पिवळ्या टॉवेलच्या कोरड्या टोकानं त्यांनी तो पुसला. मग कागद शेगडीच्या उजेडात धरला आणि ओठ हलवत मिळवणी केली. एकदा, मग खालून वर पुन्हा एकदा.

"बरोबर आहे," ते म्हणाले.